प्राचार्य झाले, तरी 'गुरुजी'च राहिले



दोनशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकाचा 'चार्ज' म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोषण आहाराची नोंद, ऑनलाइन माहिती, केंद्रावरची बैठक आणि 'आजच पाठवा' असा मोबाइलवरचा निरोप. माझ्याकडेही हा चार्ज आहे. चार्ज आला की पहिली कात्री लागते ती आपल्याच वर्गाच्या तासाला. मुलं पाढे लिहीत बसतात आणि आपण तक्ते भरत बसतो. मग प्रश्न पडतो, संस्थेच्या प्रमुखाने शिकवायचं की नुसतं सांभाळायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी जरा मोठ्या शाळांकडे, म्हणजे आपल्या कला महाविद्यालयांकडे पाहिलं. तिथे प्रमुखपदी कोण कोण होते?

सुरुवात पुण्यापासून करू. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये सुरू झालं. पहिले प्राचार्य वामन शिवराम आपटे. संस्कृत-इंग्रजी शब्दकोश करणारे आपटे ते हेच. १८९२ मध्ये ते गेले आणि आगरकर प्राचार्य झाले. 'सुधारक' चालवायचा, वर्गात शिकवायचं आणि दम्याशीही झगडायचं, असं सगळं एकदमच चालू होतं. १८९५ मध्ये प्राचार्यपदावर असतानाच ते वारले. पुढे १९०२ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर र. पु. परांजपे त्या खुर्चीवर आले आणि गणितही शिकवत राहिले. हे लोक डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होते. थोड्या पगारावर वीस वर्षे काम करायचं, असा तिथला नियम होता. थोडक्यात काय, शिकवणाऱ्यांमधूनच प्रमुख निघत होता.

आता आपल्या मराठवाड्याकडे येऊ. निजामाच्या राज्यात उच्च शिक्षण म्हटलं की हैदराबाद गाठावं लागे आणि उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ ला आपण मुक्त झालो आणि दोनच वर्षांत, १९५० मध्ये, दोन महाविद्यालयं उभी राहिली. औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं महाविद्यालय, जे पुढे 'मिलिंद' म्हणून ओळखलं गेलं आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ यांचं पीपल्स कॉलेज.

दोन्ही संस्थापक स्वतः शिकवलेले होते, हे लक्षात घ्या. बाबासाहेब १९३५ मध्ये मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते. स्वामीजी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते. 'मिलिंद' या नावातही एक धडा आहे. बौद्ध परंपरेत राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरं देतात. परिसराचं नाव नागसेनवन, पण महाविद्यालयाला नाव दिलं ते प्रश्न विचारणाऱ्याचं! तिथे म. भि. चिटणीस, म. ना. वानखेडे यांच्यासारखे प्राचार्य लाभले, जे स्वतः साहित्यात आणि विचारात रमलेले होते. दलित साहित्याच्या चळवळीला तिथून बळ मिळालं.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजची गोष्ट तर आपल्या घरचीच आहे. नरहर कुरुंदकर यांचा जन्म १५ जुलै १९३२ चा, नांदापूरचा. हे गाव आज आपल्या हिंगोली जिल्ह्यात आहे. (१ मे १९९९ पर्यंत आपण परभणी जिल्ह्यातच होतो.) वसमत तालुक्यातल्या कुरुंद्यावरून त्यांचं आडनाव. हैदराबादला शिकायला गेले आणि इंटरच्या परीक्षेत एकापेक्षा जास्त वेळा नापास झाले. पुढे नांदेडला हायस्कुलात शिक्षक झाले. शिकवता शिकवता पदव्या घेतल्या, पीपल्स कॉलेजात मराठीचे प्राध्यापक झाले आणि त्याच कॉलेजचे प्राचार्यही झाले. 'जागर', 'शिवरात्र' ही पुस्तकं याच माणसाची. १० फेब्रुवारी १९८२ ला औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांना मृत्यूने गाठलं. वय अवघं ४९.

प्राचार्य झाल्यावरही नांदेडची माणसं त्यांना 'कुरुंदकर गुरुजी'च म्हणत. जरा विचार करा. 'प्राचार्य' हे पद, ते नेमणुकीच्या कागदावर मिळतं. 'गुरुजी' हे लोकांनी दिलेलं नाव. आपण प्राथमिकवाल्यांना ते नाव नोकरीच्या पहिल्याच दिवशी फुकट मिळतं, म्हणून त्याची किंमत कधी कधी कळत नाही.

पालकहो, तुमच्यासाठीही यात दोन गोष्टी आहेत. एक, "आर्ट्सला टाकलं म्हणजे पोरगं वाया गेलं" असं आमच्या पालक सभेत हमखास ऐकू येतं. यातली बरीच माणसं कला शाखेच्या वर्गातच उभी राहून शिकवत होती! दोन, निकालाच्या दिवशी लेकरू नापास झालं, तर लगेच त्याच्या आयुष्याचा निकाल लावू नका. आपल्याच जिल्ह्यातलं एक नापास झालेलं पोर पुढे कॉलेजचं प्राचार्य झालं, हे त्याला जेवताना सांगा.

आणि चार्ज सांभाळणाऱ्या माझ्या सोबत्यांनो, तक्ते चुकत नाहीत आणि चुकवताही येत नाहीत, हे मान्य. पण दिवसातला एक तास तरी आपल्या नावाने वेळापत्रकात पक्का लिहू या. मी परिपाठानंतरचा पहिला तास चौथीच्या मराठीसाठी ठेवलाय आणि त्या वेळेत मोबाइल कपाटात असतो. निरोप तासभर थांबतो. चौथीचं पोर मात्र पुढच्या वर्षी पाचवीत जाणार असतं.

पुढच्या पालक सभेत मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, "गुरुजी, तुम्ही कोणत्या वर्गाला शिकवता?" आम्हाला या प्रश्नाचं उत्तर देता आलंच पाहिजे.