'अंडर प्रोटेस्ट'

कांहीं इंग्रजी शब्द आपल्या घरांत पाहुण्यासारखे येतात. त्यांचा खरा स्वभाव मुक्काम लांबल्यावरच कळतो. 'प्रोटेस्ट' हा त्यांतलाच एक. शाळेंत त्याचा अर्थ 'निषेध' असा सांगत. तो जमीनधारकाच्या पावतीवरही लागतो, हें आम्हांस लोणी देवकरास कळलें.

भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पूर्ण झालें. त्याच्या जलाशयांत शेजारचें जुनें पळसदेव बुडालें. पाणी फार आटलें म्हणजे तेथील पुरातन देऊळ अद्यापि उघडें पडतें. आमची नदीकांठची जमीनही त्याच पाण्यांत गेली. १८९४ च्या भूसंपादन कायद्यान्वयें निवाडा झाला. मोबदला घेण्याच्या आदल्या रात्रीं आमचे वकील काका आजोबांस म्हणाले, "अण्णा, सहीपूर्वीं 'अंडर प्रोटेस्ट' हे दोन शब्द लिहा."

आजोबा संतापले. "पैसे घ्यावयाचे आणि वर निषेधही करावयाचा? जेवून उठून अन्नास नांवें ठेवण्यासारखें आहे हें!"

तेव्हां काकांनीं शब्दाचें मूळ उलगडलें. लॅटिनांत 'टेस्टिस' म्हणजे साक्षीदार. त्यावरून 'प्रोटेस्ट' म्हणजे चारचौघांसमक्ष सांगून ठेवणें. विनिमयपत्र न वटल्यास नोटरी जो रीतसर दाखला देतो, त्यासही 'प्रोटेस्ट'च म्हणतात; तेथें कोणी कोणावर रागावलेला नसतो. कायद्याचा भावही तोच. मोबदला मुकाट्यानें घेणारास कलम १८ खालीं न्यायालयाकडे दाद मागतां येत नसे. हरकत राखून घेणारास ती मागतां येई. निवाड्याच्या वेळीं तो हजर असल्यास मुदत सहा आठवड्यांची. "राग दाखवावयाचा नाहीं, अण्णा. 'घेतलें, पण हिशेब मिटला नाहीं,' एवढेंच नोंदवावयाचें."

आजोबांस तें पटलें. इतक्यांत माजघराच्या दारांतून आजी म्हणाली, "त्या रानांतल्या विहिरीसाठीं माझ्या पाटल्या मोडल्या, तेव्हां मला कोणीं हे दोन शब्द सांगितले नाहींत." आजोबांपाशीं उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं ते शब्द लिहिले. पुढें वाढीव रक्कम आली, तींतून पहिल्यानें आजीच्या पाटल्या झाल्या.

१ जानेवारी २०१४ पासून २०१३ चा नवा कायदा लागू झाला व जुना गेला. परंतु ही अट नव्यांतही कायम आहे. ज्यांच्या जमिनी रस्त्यांत वा कारखान्यांत जातात, त्यांनीं ती ध्यानांत ठेवावी.

एकत्र कुटुंबांत मुकाट्यानें घेतलेली गोष्ट संतोषानें घेतली, असें वडीलधारे धरून चालतात. आमच्या घरीं आतां मोठा व्यवहार ठरण्यापूर्वीं सुनांसही हरकत विचारतात. एखादीचें म्हणणें मान्य झालें नाहीं, तरी तें घरच्या वहींत तारखेसह लिहिलें जातें.