जपानी वाइन, कोथिंबीर वडी आणि ५२ शुगर

"डॉक्टर, वाइन हार्टला चांगली असते ना?" नवीन जालन्यातल्या माझ्या ओपीडीत हा प्रश्न नेहमी येतो. उत्तराआधी माझीच एक चूक सांगतो.

टोकियोत नोकरी करणारा भाचा दिवाळीत एक बाटली घेऊन आला. "मामा, ही कोशू." आपल्याला द्राक्षं म्हटली की कडवंची आठवते, कोशू हे फुजी पर्वताजवळच्या यामानाशी प्रांतातलं गुलाबीसर सालीचं द्राक्ष. त्याची व्हाइट वाइन हलकी, लिंबासारखी आंबटसर. जपानी लोक ती माशासोबत घेतात. त्यामागे शास्त्रही आहे: वाइनमध्ये लोह जास्त असेल तर माशातल्या चरबीशी त्याची क्रिया होऊन तोंडात उग्र वास राहतो. आमच्याकडे मासे कुठले! कोथिंबीर वडी आणि खाऱ्या शेंगदाण्यांसोबत मात्र ती छान जमली. ठेच्यासोबत फजिती झाली, कारण अल्कोहोलने तिखटाची आग वाढते.

एका मित्राने दोन ग्लास घेतले. त्याला मधुमेह, ग्लिमेपिराइड चालू. गोळी मीच लिहून दिलेली. गप्पांत जेवण लांबलं. साडेदहाला तो असंबद्ध बोलू लागला. "चढली याला," म्हणत सगळे हसले. मीही हसलो. मग त्याचा घामाने भिजलेला शर्ट दिसला. ग्लुकोमीटरवर शुगर ५२! चार चमचे साखर पाण्यात घालून दिली, १५ मिनिटांनी पुन्हा तपासली, मग त्याला पोटभर जेवायला घातलं.

असं का झालं? पोट रिकामं असताना यकृत रक्तात साखर सोडून आपल्याला सांभाळतं. अल्कोहोलमुळे यकृताचं नवीन साखर बनवणं मंदावतं, आणि गोळी तर इन्सुलिन वाढवतच राहते. शुगर पडण्याची आणि दारू चढण्याची लक्षणं सारखीच दिसतात, हा खरा धोका. शुगर काही तासांनी, झोपेतही पडू शकते.

वाइन जपानची असो की नाशिकची, १२ टक्क्यांच्या १५० मिली ग्लासात साधारण १४ ग्रॅम अल्कोहोल असतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलचं कोणतंच प्रमाण सुरक्षित नाही. म्हणून हृदयासाठी वाइन सुरू करू नका. जे घेतातच, आणि इन्सुलिन किंवा अशा गोळ्यांवर आहेत, त्यांनी आपल्या डॉक्टरांना ते मोकळेपणाने सांगावं, उपाशीपोटी घेऊ नये आणि झोपण्यापूर्वी शुगर तपासावी.

आणि घरच्यांनो, माणूस बरळतोय, घामाघूम झालाय, तर आधी शुगर बघा. त्याला गिळता येत नसेल तर तोंडात साखरपाणी ओतू नका, लगेच दवाखाना गाठा.