रनवेपलीकडचं बिरसी

मुंबई-पुण्याच्या मंडळींना गोंदिया माहीत असतं ते स्टेशनच्या इंडिकेटरवरून. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूरची महाराष्ट्र एक्स्प्रेस, दोघींचा शेवटचा स्टॉप हाच. पण शहरापासून जेमतेम 12 किलोमीटरवर बिरसी नावाचं एक गाव आहे. धानाची शेतं, बोड्या, मातीच्या पांदणी आणि मधोमध सुमारे 2,300 मीटरची चकाचक धावपट्टी! आहे ना सॉलिड कॉम्बिनेशन?

ही धावपट्टी इंग्रजांची. 1940 साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी ती बांधली. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हताच (तो झाला 1 मे 1999 ला), हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात, मध्य प्रांतात. युद्धकाळात सरकारच्या हातात भारत संरक्षण नियमांमधला 75-अ हा नियम होता. त्याखाली जमीन दोन तऱ्हांनी जायची. एक, तात्पुरता ताबा: मालकी तुमची, वापर सरकारचा. दुसरी, कायमचं संपादन. घासाघीस व्हायची ती मोबदल्यावर, ‘देत नाही’ म्हणायची सोय नव्हती. युद्ध 1945 ला संपलं, पण ताब्यातल्या जागांसाठी 1947 आणि 1952 मध्ये पुन्हा नवे कायदे आले. लष्कराच्या नावाने गेलेली जमीन परत येणं किती कठीण, ते यावरून कळतं.

बिरसीची पट्टी पुढे सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, 1998 मध्ये एमआयडीसीकडे आणि 2005 च्या अखेरीस विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. मग पायलट घडवणारी संस्था आली. मार्च 2022 मध्ये पहिली नियमित प्रवासी सेवा सुरू झाली, ती काही महिन्यांत थांबली. 1 डिसेंबर 2023 पासून इंडिगोचं विमान उतरू लागलं. मालक बदलत गेले, विमानतळ वाढत गेला आणि लगतच्या शंभरावर कुटुंबांसमोर पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला.

आपल्याला वाटतं, मुद्दा फक्त पैशाचा. पण शेतकऱ्याला विचारा, तो आधी रस्त्याचं बोलेल. कुंपण पडलं की बैलबंडीला वळसा आणि रोवणीच्या दिवसांत वळसा म्हणजे अख्खी सकाळ. म्हणूनच 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय: पुनर्वसित गावात अंतर्गत रस्ते हवेत, जवळच्या पक्क्या सडकेपर्यंत बारमाही रस्ता हवा आणि ये-जा करण्याचा हक्कही हवा. 1940 च्या शेतकऱ्याकडे असं एकही कलम नव्हतं.

वीकेंडला जाणार असाल तर हिवाळ्यात जा. जवळच परसवाडा आणि झिलमिलीचे तलाव आहेत, नशीब जोरावर असेल तर सारसाची जोडीही दिसेल. विमानाने गेलात तर उतरताना खिडकीतून खाली जरूर बघा. कुंपणाला टेकून संपणारी एखादी पांदण दिसली, तर ती पूर्वी कुठं जात असेल याचा जरा विचार करा. आपली दीड तासाची बचत कुणाच्या तरी वळशातून आलेली असते, बॉस!