चौथा रकाना

मंडळी, कुठलाही हिशेब शेवटी रकान्यांवर येऊन थांबतो. वाण्याची वही घ्या, रेल्वेचा चार्ट घ्या, नाहीतर आपल्या सर्व्हरच्या लॉग फाइल्स घ्या. समोर ढीगभर ओळी असतात आणि आपल्याला हवा असतो त्यातला एकच उभा पट्टा.

युनिक्समध्ये या कामाला दोन हत्यारं. पहिलं 'कट'. विभाजक सांगा, रकान्याचा नंबर सांगा, झालं काम. पण स्वभाव अगदी सरकारी बाबूचा! 'आधी तिसरा दे, मग पहिला' म्हटलं तरी देणार पहिला आणि मगच तिसरा. विभाजक स्पेस असेल आणि दोन शब्दांत पाच स्पेस असतील, तर मधे चार रिकामे रकाने मोजणार. आणि बाइट मोजून कापायला लावलंत तर मराठीची वाटच. यूटीएफ-८ मध्ये 'पुणे' हा एवढासा शब्द १२ बाइटचा. चौथ्या बाइटवर सुरी फिरली की उकाराचे तुकडे.

दुसरं 'ऑक'. १९७७ साली बेल लॅब्जमध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांनी लिहिलं. नाव म्हणजे त्यांच्या आडनावांची आद्याक्षरं. हा प्राणी समजूतदार. कितीही स्पेस असोत, एकच विभाजक धरतो. रकाने हव्या त्या क्रमाने देतो, वर बेरीजही करून देतो. पण याचा समजूतदारपणाच कधी कधी नडतो. बेरजेत आकड्याच्या जागी अक्षरं आली तर हा कुरकुर करत नाही, मुकाट शून्य धरतो.

हे शून्य आमच्या सोसायटीत चांगलंच महागात पडणार होतं. आमचे खजिनदार काका बँकेतून रिटायर झालेले. बारा वर्षं फुकट हिशेब सांभाळतायत. वार्षिक सभेच्या आधी एका उत्साही सभासदाने खर्चाची फाइल घेतली, ऑकला अल्पविराम हा विभाजक दिला, चौथ्या रकान्याची बेरीज मारली आणि ग्रुपवर टाकली. ताळेबंदात खर्च १८,४२,००० आणि बिलांची बेरीज १७,५१,५००. म्हणजे ९०,५०० रुपयांची बिलंच नाहीत! संध्याकाळपर्यंत लिफ्टमध्ये लोक काकांशी बोलायचे थांबले. काकू मला म्हणाल्या, "दोन दिवस हे जेवले नाहीत रे नीट."

मी फाइल मागवून घेतली. बेरजेच्या वाटेला गेलोच नाही. आधी प्रत्येक ओळीत रकाने किती ते छापलं (ऑकमध्ये त्याला एनएफ म्हणतात), मग सॉर्ट, मग युनिकला मोजायला लावलं. उत्तर दोन ओळींत आलं: ३०५ ओळींत ५ रकाने, ७ ओळींत ६.

त्या सात ओळी उघडल्या. तारीख, दुकानदार, काम, रक्कम, व्हाउचर नंबर असा क्रम. आणि कामाच्या रकान्यात अवतरणचिन्हांत लिहिलेलं: "मोटार, व्हॉल्व्ह", "गच्ची, पाइप". ऑकने अल्पविराम दिसेल तिथे तोडलं, रक्कम सरकून पाचवी झाली आणि चौथ्या जागी आला 'व्हॉल्व्ह'. व्हॉल्व्हची किंमत शून्य! त्या सात बिलांची बेरीज बरोबर ९०,५००.

उपाय सोपा होता. रक्कम पुढून चौथी असेल-नसेल, पण मागून दुसरी नक्की. म्हणून एनएफ वजा एक. आकडा आला १८,४२,०००. (२०२३ नंतरच्या नव्या ऑकमध्ये सीएसव्हीचा खास पर्याय आलाय, तो अवतरणचिन्हं नीट ओळखतो. पण आपल्या मशीनवर नवा ऑक असेलच असं नाही, तपासून घ्या.)

सभेत मी त्या सात ओळी प्रोजेक्टरवर दाखवल्या. काका काही बोलले नाहीत. व्हाउचरची फाइल मात्र त्यांनी क्रमाने लावून आणलीच होती, ती टेबलावर ठेवून बसून राहिले. माफी कोणी मागितली नाही. चहा आला, विषय पार्किंगवर गेला.

असो. ऑफिसात आपण रोज असले पट्टे कापतो. कधी पगाराचे, कधी पेशंटच्या रिपोर्टचे, कधी कर्जाच्या हप्त्यांचे. प्रत्येक ओळीमागे कोणाचं तरी नाव असतं. तेव्हा बेरीज मारायच्या आधी रकाने मोजा. दहा सेकंदांचं काम आहे, आणि ग्रुपवर टाकलेला आकडा कुठल्याच कमांडने परत घेता येत नाही.