कॅलेंडरातले कोरे दिवस

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी पेन्सिलीने मुक्तिनाथच्या प्रवासाचे अकरा दिवस लिहून काढले, तेव्हा त्यातले दोन चौकोन मुद्दाम कोरे ठेवले. आईने चष्मा लावून सगळं वाचलं आणि कोऱ्या चौकोनावर बोट ठेवून विचारलं, "ह्या दिवशी काय करायचं?"

"काही नाही. वाट बघायची."

तिने मान डोलावली. वाट का बघायची, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

सहा वर्षांपूर्वी आई-बाबा एका यात्रा कंपनीबरोबर नेपाळला गेले होते. काठमांडू, मनकामना, पोखरा, मुक्तिनाथ आणि लुंबिनी, सगळं मिळून सात दिवसांत. पोखऱ्याला सलग दोन दिवस पहाटे साडेचारला उठून, आंघोळी करून चाळीस माणसं विमानतळावर बसली. दोन्ही दिवशी ढग हटले नाहीत आणि मुक्तिनाथसाठी घ्यायचं जोमसोमचं विमान सुटलं नाही. तिसऱ्या दिवशी गोरखपूरहून परतीच्या गाडीचं आरक्षण होतं, त्यामुळे सगळे मागे फिरले. बाबांनी पोखऱ्याच्या बाजारातून मुक्तिनाथाची एक तसबीर आणली आणि देवघराशेजारी लावली. पुढच्या दोन वर्षांत बाबा गेले. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही. राहायची-जेवायची सोय चांगली होती, तिकिटंही काढलेली होती. पण हिमालयातल्या प्रवासाला मोकळा दिवसच ठेवला नव्हता. ती चूक मला फार मोठी वाटते.

म्हणून या वेळी मी सुरुवात वाऱ्यापासून केली. जोमसोम हे मुस्तांग जिल्ह्याचं ठाणं कालीगंडकीच्या खोऱ्यात आहे. एका बाजूला 8,091 मीटरचं अन्नपूर्णा, दुसऱ्या बाजूला 8,167 मीटरचं धौलागिरी, आणि मधल्या चिंचोळ्या घळीतून नदी वाहते. ऊन चढलं की उत्तरेकडचं तिबेटचं पठार तापतं, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा भरायला खालची सगळी हवा या घळीतून वर खेचली जाते. अकराच्या सुमारास वारा सुटतो आणि दुपारी माणसाला धड उभं राहू देत नाही. त्यामुळे विमानं फक्त सकाळी. सकाळी ढग असले तर तो दिवस गेलाच. दुसरा मार्ग बेनी-तातोपानीवरून जीपचा, पण त्यात अख्खा दिवस मोडतो आणि आईच्या एकाहत्तर वर्षांच्या कमरेचीही परीक्षा होते. विमान पहिली पसंती, जीप राखीव, आणि दोन्हींना पुरेल एवढी सवड, असं माझं गणित होतं.

महिनाही असाच ठरला. पावसाळ्यात पोखऱ्याच्या बाजूला दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात. नेपाळचं दसैं आपल्या घटस्थापनेला सुरू होतं आणि कोजागिरीला संपतं. त्या दिवसांत सगळा देश आपापल्या गावी निघालेला असतो. बस मिळत नाही, कचेऱ्या बंद. म्हणून आम्ही कोजागिरीनंतर लगेच निघालो आणि दिवाळीच्या आत परत यायचं ठरवलं.

कागदपत्रांबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. भारतीयांना नेपाळला व्हिसा लागत नाही, हे ऐकून लोक नुसतं आधार कार्ड घेऊन निघतात. विमानाने जाताना साधारणपणे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र लागतं, तेही मूळ, झेरॉक्स नाही. आईच्या मतदार ओळखपत्रावर नावातलं एक अक्षर चुकलेलं होतं आणि फोटो इतका पुसट की मलाही ती ओळखू येईना. मी तीन महिने आधी तिचा पासपोर्ट काढायला टाकला. पोलीस पडताळणीचा हवालदार दारात आला तेव्हा आईने त्याला चहा दिला आणि मुक्तिनाथला जायचंय म्हणून सांगितलं. तो जाताना तिच्या पाया पडून गेला.

पैशांचं सोपं आहे. शंभर भारतीय रुपयांचे एकशेसाठ नेपाळी रुपये, हा दर ठरलेला. तिथे आपल्या रुपयाला सगळे 'आयसी' म्हणतात. दुकानदाराने किंमत सांगितली की "आयसी की एनसी?" हे आधी विचारायचं, नाहीतर हिशेब दीडपटीने चुकतो. मोठ्या भारतीय नोटांचे नियम तिथे वेळोवेळी बदलत आलेत, म्हणून मी शंभराच्या नोटा नेल्या. पोखऱ्यात बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर यूपीआय चाललं. वर मात्र रोख रकमेवरच भरवसा ठेवला. आणि हो, घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. पहाटेच्या विमानाला ही पंधरा मिनिटं महागात पडू शकतात.

खरी काळजी उंचीची होती. पोखरा जेमतेम आठशे मीटरवर. तिथून वीस मिनिटांत विमान तुम्हाला सत्तावीसशे मीटरवर जोमसोमला उतरवतं आणि मुक्तिनाथ त्याच्याही हजारभर मीटर वर. तिथे प्रत्येक श्वासात इथल्या दोन तृतीयांशाच्या आसपासच प्राणवायू मिळतो. आमच्या डॉक्टरांनी आईचा ईसीजी आणि टूडी एको केला, रक्तदाबाची गोळी चालू ठेवली आणि सल्फाची अ‍ॅलर्जी नाही ना, हे विचारून उंचीच्या त्रासासाठी डायमॉक्स लिहून दिलं. शेवटी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: डोकं ठणकलं, उलटी झाली किंवा चालताना झोक गेला तर त्याच दिवशी खाली. तो कागद मी पासपोर्टच्या पाकिटात ठेवला. पुष्कळ लोक पोखऱ्याहून सकाळी निघून त्याच दिवशी दर्शन उरकतात. वयस्कर माणसाला घेऊन ती घाई करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आम्ही दोन रात्री मार्फाला राहायचं ठरवलं. ते गाव जोमसोमच्या जवळच आणि त्याच्याहून किंचित खाली आहे.

पोखऱ्यात अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्राचा परवाना काढला. सार्क देशांच्या नागरिकांना एक हजार नेपाळी रुपये. दुसऱ्या दिवशी सहाला विमानतळावर हजर. मच्छापुच्छ्रेचं शिखर जिथे दिसायला हवं तिथे नुसता पांढरा पडदा. सात वाजले, आठ वाजले, साडेनऊला खिडकीतल्या मुलीने मान हलवली. आमच्या शेजारची मंडळी रडकुंडीला आली होती; त्यांचं रात्रीचं परतीचं तिकीट होतं. आई शांतपणे उठली आणि म्हणाली, "चल, आपला पहिला कोरा दिवस." त्या दिवशी आम्ही फेवा तालाच्या काठावर बसून राहिलो. बाबा इथे कुठल्या खानावळीत जेवले होते, ते आईने मला शोधून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकाश धुतल्यासारखं होतं. अठरा-वीस माणसांचं छोटं विमान, उजवीकडे अन्नपूर्णा, डावीकडे धौलागिरी, आणि आईचा हात माझ्या मनगटावर. उतरलो तेव्हा सगळं बदललेलं होतं. हिरवं काही नाही, करडे उघडे डोंगर आणि वर नीलगिरीचा बर्फ. आमच्या साताऱ्याकडे महाबळेश्वर पावसात बुडालेलं असताना दहिवडी कोरडी असते, तसंच इथे. पोखऱ्याजवळचं लुम्ले हे नेपाळमधलं सगळ्यात पावसाचं ठिकाण. अन्नपूर्णेच्या पाठीमागच्या जोमसोमला पाऊस फारसा पोहोचतच नाही. "हा तर माणदेश," आई म्हणाली.

मार्फाची घरं पांढरी, सपाट धाब्याची, धाब्याच्या कडेने जळण रचून ठेवलेलं. सफरचंदाचा हंगाम नुकताच उरकला होता. घरमालकीण अंगणात बसून सफरचंदाच्या चकत्या वाळवणाला पसरत होती. आई तिच्यासमोर बसली आणि दोघी दिवसभर, एकीला मराठी आणि एकीला नेपाळी येत असताना, न थांबता बोलत होत्या. त्या रात्री आईचं डोकं थोडं जड होतं. सकाळी उतरलं. एक अख्खा दिवस काही न करता राहिलो म्हणूनच उतरलं, याबद्दल मला शंका नाही.

पहाटे जीपने रानीपौवा गाठलं. तिथून देवळापर्यंतची चढण लोक वीस-पंचवीस मिनिटांत जातात. आम्हाला पाऊण तास लागला. आई घोड्यावर बसायला तयार नव्हती. वीस पावलं, मग थांबा, घोटभर कोमट पाणी, पुन्हा वीस पावलं.

मुक्तिनाथाचं देऊळ लहानसं, पॅगोडा पद्धतीचं. देवळामागे अर्धवर्तुळात 108 गोमुखं आहेत, त्यांतून बर्फाचं पाणी अखंड पडतं. लोक या धारांखालून धावत जातात आणि पुढच्या दोन कुंडांत बुडी मारतात. आईला डॉक्टरांनी आंघोळ बजावून नाकारली होती. तिने पदर खोचला आणि प्रत्येक धारेखाली उजवा तळवा धरून डोळ्यांना लावत, ओठांत मोजत पुढे गेली. साठाव्या धारेपाशी तिची बोटं लाल झाली होती. मी हातमोजा पुढे केला, तिने तो घेतला नाही. गाभाऱ्यात एक बौद्ध भिक्षुणी तीर्थ देत होती. ज्या मूर्तीला आम्ही विष्णू म्हणून नमस्कार करतो, तिला तिथले बौद्ध चेनरेझिग म्हणतात. आईने त्या भिक्षुणीच्याही पायांना हात लावला.

परतीच्या वाटेवर कागबेनीला थांबलो. इथे झोंगखोला कालीगंडकीला मिळते आणि लोक पितरांचं पिंडदान करतात. आईने पिशवीतून एक छोटी डबी काढली. मला वाटलं तीळ असतील. तीळ होतेच, पण त्यांच्यात आमच्या देवघरातला शाळिग्राम होता. लिंबाएवढा, काळा, एका बाजूला भोक आणि आत चक्र. बाबा रोज त्याला आंघोळ घालायचे. शाळिग्राम येतात ते याच नदीतून. करोडो वर्षांपूर्वी इथे समुद्र होता, त्यातल्या शंखासारख्या जिवांच्या खुणा त्यांच्यात उमटलेल्या असतात.

"ह्याला माहेरी आणलंय," आई म्हणाली. "तुझ्या बाबांनी मागच्या वेळी पण आणला होता. पोखऱ्याहून तसाच परत गेला."

ती दगडांवरून सांभाळत पाण्यापर्यंत गेली. राखी रंगाच्या पाण्यात तिने ओंजळीत धरून त्याला बुडवलं, बराच वेळ. मग तीळ हातात घेऊन बाबांचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं. अकरा वाजत आले होते. खोऱ्यातून वारा वर येऊ लागला, वाळू उडायला लागली, आणि जीपवाला हाका मारायला लागला. आईने शाळिग्राम पदराने पुसला, डबीत ठेवला, आणि माझा हात धरून उठली.