संदेशांची रांग आणि पडद्यावरचा दोष

डेस्कटॉप संगणकावरील प्रोग्रॅममध्ये दिसणारे बटण, मजकुराची चौकट, यादी किंवा तक्ता अशा प्रत्येक घटकाला ‘कंट्रोल’ म्हणतात आणि विंडोजच्या पारंपरिक रचनेत असा बहुतेक प्रत्येक कंट्रोल तांत्रिकदृष्ट्या एक स्वतंत्र खिडकीच असतो. माउस हलला, कळ दाबली गेली किंवा खिडकीचा झाकलेला भाग उघडा पडला, की त्याची वर्दी ‘संदेश’ म्हणून प्रोग्रॅमच्या रांगेत लागते आणि ‘मेसेज लूप’ नावाचे आवर्तन ते संदेश एकेक उचलून ज्याचे त्याला पोचते करते. कंट्रोल बिघडल्याची तक्रार आली की नवखा प्रोग्रॅमर त्याचे गुणधर्म बदलून पाहतो, फारच वैतागला तर दुसऱ्या कंपनीचा कंट्रोल विकत घ्यावा असे सुचवतो. वास्तविक अशा बऱ्याचशा तक्रारींचे मूळ या रांगेत असते आणि कंट्रोल बिचारा तिथला गोंधळ पडद्यावर दाखवत असतो.

‘कृपया थांबा’ ही पाटी काम संपल्यावरच उमटते, हा याचा नेहमीचा नमुना. पाटीचा मजकूर बदलला तरी ती लगेच रंगवली जात नाही, कारण रंगवण्याचा संदेश, म्हणजे ‘डब्ल्यूएम पेंट’, रांगेत इतर संदेश नसतील तेव्हाच हाती दिला जातो. आणि त्याच थ्रेडवर, म्हणजे सूचनांच्या त्याच प्रवाहात, लांबलचक हिशेब सुरू असेल तर रांगेकडे पाहायला कोणी मोकळेच नसते. सुमारे 5 सेकंद संदेश उचलले गेले नाहीत की विंडोज ती खिडकी निपचित ठरवून शीर्षकात ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ असे लिहिते. यावर हिशेबाच्या मध्येच ‘डू इव्हेंट्स’ बोलावून रांग रिकामी करण्याचा उपाय लोकप्रिय असला तरी तो रोगापेक्षा वाईट म्हणावा लागेल, कारण अधीर झालेल्या वापरकर्त्याने ‘सेव्ह’ पुन्हा दाबले तर पहिले काम अर्धवट असतानाच दुसरे सुरू होते आणि एकच पावती दोनदा नोंदली जाते.

हिशेब वेगळ्या थ्रेडवर नेणे हा खरा उपाय. मात्र कंट्रोल ज्या थ्रेडवर निर्माण झाला त्याच थ्रेडने त्याला हात लावावा, हा नियम तिथे आडवा येतो. 2005 मध्ये आलेल्या डॉटनेट 2.0 पासून विंडोज फॉर्म्समध्ये, म्हणजे डॉटनेटच्या खिडक्या-कंट्रोल बनवण्याच्या संचात, हा नियम मोडताच त्रुटी उभी राहते, पण मूळ मांडणीत ही तपासणी डीबगर, म्हणजे दोष शोधण्याचे साधन, जोडलेला असतानाच चालते. त्यामुळे ग्राहकाकडे तोच दोष मुकाट्याने, कधी अर्धवट रंगलेल्या तक्त्याच्या तर कधी गोठलेल्या खिडकीच्या रूपात प्रकटतो. दुसरी खोच याहून बारीक आहे: आपण परक्या थ्रेडवर आहोत का, हे सांगणारा ‘इन्व्होक रिक्वायर्ड’ हा गुणधर्म कंट्रोलची मूळ खिडकी अजून निर्माण झालेली नसेल तर परक्या थ्रेडवरही ‘नाही’ असेच उत्तर देतो, आणि त्या उत्तरावर विसंबलेला प्रोग्रॅम कंट्रोलला भलत्याच थ्रेडवर जन्म देऊन बसतो.

यादीतील निवड बदलल्याची घटना दोनदा घडते, ही तक्रारही याच जातीची. ‘लिस्ट व्ह्यू’मध्ये आधी जुनी ओळ निवडीतून सुटते आणि मग नवी निवडली जाते, म्हणजे पहिल्या घटनेच्या वेळी निवडलेल्या ओळींची संख्या शून्य असते; पहिली निवडलेली ओळ डोळे झाकून मागणारा प्रोग्रॅम तिथेच कोलमडतो.

शोधाची साधनेही निर्धोक नाहीत. ब्रेकपॉइंटवर, म्हणजे आपण ठरवून दिलेल्या थांब्यावर, प्रोग्रॅम थांबला की डीबगरची खिडकी पुढे येते, फोकस, म्हणजे कळफलकाचा ताबा, तिच्याकडे जातो, आणि फोकसचाच दोष शोधायचा असेल तर तपासणीनेच पुरावा पुसला जातो. अशा वेळी थांबवण्यापेक्षा नोंदवणे श्रेयस्कर: घटनांचा क्रम फाइलमध्ये लिहावा किंवा ‘स्पाय प्लस प्लस’ या साधनाने संदेश पाहावेत.

काही दोष मात्र तासन्‌तास साचून मगच दिसतात. तक्त्याचा प्रत्येक रकाना रंगवताना नवा फॉन्ट घेऊन तो परत न केल्यास, एका प्रोग्रॅमला मूळ मांडणीत मिळणारी 10,000 जीडीआय वस्तूंची, म्हणजे चित्रणासाठी लागणाऱ्या साधनांची, मर्यादा संपते आणि मग भलत्याच निरपराध कंट्रोलच्या जागी पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबडी फुली उमटते. ‘टास्क मॅनेजर’मध्ये जीडीआय वस्तूंचा रकाना उघडून तो आकडा चढतो का, एवढे पाहिले तरी निम्मा तपास होतो.

कंट्रोल स्वतःच दोषी असल्याचे उदाहरण मराठी वापरकर्त्यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. विंडोज 2000 मध्ये देवनागरीला आधार मिळाला तो केवळ युनिकोडमधून, जुन्या पद्धतीचे कोडपान, म्हणजे अक्षरे आणि त्यांचे आकडे यांचा तक्ता, तिला मिळालेच नाही. व्हिज्युअल बेसिक 6 चे अंगभूत कंट्रोल मात्र त्या कोडपानांवरच चालत, त्यामुळे डेटाबेसमध्ये शाबूत असलेले नाव चौकटीत प्रश्नचिन्हांची ओळ होऊन येई. तेवढ्यावर निभावले तर ठीक. पण तोच फॉर्म कोणी ‘सेव्ह’ केला की चौकटीतील प्रश्नचिन्हे मूळ नावाच्या जागी जाऊन बसत आणि त्यांवरून अक्षरे परत मिळवण्याचा मार्ग उरत नसे.