मुंबई ते गोवा : आकाशातील वाट व भूमीवरील वाट

संत फ्रान्सिस झेवियर ७ एप्रिल १५४१ रोजी लिस्बनहून निघाले, ते तेरा महिन्यांनी, ६ मे १५४२ रोजी, गोव्यास पोहोचले. आज मुंबईहून विमानाने निघालेला यात्रेकरू सुमारे सव्वा तासात गोव्याच्या भूमीवर उतरतो.

मात्र उतरायचे कोठे, हा प्रश्न आता उरतोच. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीज अमदानीतला. पेडणे तालुक्यातील मोपा येथे जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. मुंबईहून सरळ रेषेत दाबोळी अदमासे ४२५ किलोमीटर, तर मोपा ३८५. आकाशात या चाळीस किलोमीटरांचे मोल तीन-चार मिनिटांचे. भूमीवर मात्र तेवढ्याच अंतरास तास लागू शकतो. मडगाव दाबोळीपासून सुमारे २५ किलोमीटर आहे, मोपापासून साठांहून अधिक. उलट पेडणे, सावंतवाडी येथील कुटुंबांस मोपाच सोयीचा. तेव्हा सासष्टीकरांनी दाबोळी व पेडणेकरांनी मोपा निवडावा, हेच इष्ट.

घरी आई अत्यवस्थ असल्याचा निरोप येतो, रुग्णाभ्यंगासाठी धर्मगुरूंना बोलावणे गेलेले असते. अशा वेळी तिकिटावर वाचलेल्या चार पैशांपेक्षा रस्त्यावर वाचलेला एक तास कितीतरी मोलाचा ठरतो. म्हणून तिकीट काढताना विमानाची वेळ तर पाहावीच. परंतु विमानतळापासून आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंतची वाटही अवश्य मोजावी. प्रवास खरा संपतो तो तेथेच.